सही करण्याआधी मजकूर वाचायला मागा

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांमधून एकच समजूत पुन्हा पुन्हा डोकावते आहे: पुरेशा सह्या जमवल्या की कायदा होतो, दुकान बंद होतं, नगरसेवक घरी जातो. पुण्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यावर २६ वर्षं वकिली करताना ही समजूत मी जवळजवळ रोज ऐकते. तिच्यापायी चांगल्या माणसांची चांगली कामं फुकट गेलेली पाहिली आहेत, म्हणून आज हेच प्रश्न घेते.

प्रश्न : एक लाख सह्या झाल्या की सरकारला कायदा करावाच लागतो, असा संदेश आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आला आहे. आम्ही ४,००० सह्या जमवल्यात. पुढे काय करू? (कोथरूड)

असा नियम आपल्याकडे नाही. ना राज्यघटनेत, ना महाराष्ट्राच्या एखाद्या कायद्यात. ब्रिटनमध्ये एक लाख सह्यांच्या अर्जावर संसदेत चर्चा घ्यायची का, याचा विचार होतो. स्वित्झर्लंडमध्ये एक लाख सह्यांवर घटनादुरुस्तीसाठी मतदान घेता येतं. या दोन गोष्टींची कोणीतरी खिचडी केली आणि ती पुढे ढकलली. तुमच्या ४,००० सह्या मात्र फेकू नका. त्या कशासाठी आहेत ते एका पानात लिहा आणि आमदारांची वेळ घ्या.

प्रश्न : मग सामान्य माणसाने कायदा सुचवायचा तरी कसा? (बिबवेवाडी)

आमदार किंवा खासदारामार्फत. मंत्री नसलेला कोणताही सदस्य अशासकीय विधेयक मांडू शकतो. पण आशा बेताचीच ठेवा. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. त्यापेक्षा विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे नीट लिहिलेला अर्ज द्या. केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण असं आहे की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. त्या ३० दिवसांत मुद्देसूद दोन पानं पाठवणारा माणूस नंतर वर्षभर मोर्चे काढणाऱ्यापेक्षा जास्त काम करून जातो, हा माझा अनुभव आहे. मराठीत लिहायला संकोच नको. गाऱ्हाणं राज्यातल्या वापरातल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. मसुदा पाठवण्याआधी वकिलाच्या नजरेखालून एकदा घाला.

प्रश्न : विकास आराखड्यातल्या आरक्षणावर हरकत घ्यायची होती. मुदत परवा संपली. आता चालेल का? (बाणेर)

आजच द्या, आवक कक्षाचा शिक्का घ्या, आणि उद्या वकिलाला भेटा. उशिरा आलेली हरकत ऐकून घेण्याचं बंधन सहसा नसतं. २०१३ मध्ये महापालिकेच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर पुणेकरांनी सुमारे ८७ हजार हरकती दिल्या, त्या मुदतीत दिल्या म्हणून सुनावणीला आल्या. जाहिरात वर्तमानपत्रात येते तेव्हा ती कापून फ्रिजवर लावा आणि शेवटची तारीख लाल पेनाने गोल करा.

प्रश्न : आमच्या वस्तीतलं देशी दारूचं दुकान बंद करायला एक गृहस्थ सह्या गोळा करतायत. घरटी २०० रुपये घेतात, 'तीन महिन्यांत दुकान बंद' असं सांगतात. बायका कोऱ्या कागदावर सह्या देतायत. द्याव्यात का? (येरवडा)

नाही, नाही आणि नाही. हे उत्तर लांबणार आहे, कारण या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास दिलेला आहे.

आधी चांगली बाजू सांगते. महाराष्ट्रात नागरिकांनी थेट मत देऊन निर्णय घ्यायची जी मोजकी दारं उघडी आहेत, त्यातलं हे एक. राज्य सरकारचा २००८ चा आदेश आणि २००९ मधली त्याची दुरुस्ती यांनुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी, लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही मत देता येतं. राज्यातल्या कित्येक गावांमध्ये बायकांनी अशी बाटली आडवी केली आहे.

आता लोक कुठे घसरतात ते ऐका. आडव्या बाटलीला मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत १,००० महिला आहेत. ७०० मतदानाला आल्या, त्यातल्या ४९० जणींनी आडवी बाटली निवडली. शंभरातल्या सत्तर जणी तुमच्या बाजूने, तरी तुम्ही हरलात, कारण ५०१ हव्या होत्या. घरी बसलेली प्रत्येक बाई इथे उभ्या बाटलीचंच मत टाकते. दुकानदाराला हे गणित पाठ असतं. मतदानाच्या दिवशी शेजारच्या गावात फुकट देवदर्शनाची बस निघाली, तर ती का निघाली ते समजून घ्या.

आणि सह्या. काही वर्षांपूर्वी हवेली तालुक्यातल्या एका गावात मी पडताळणीला हजर होते. शाळेच्या ओट्यावर दोन टेबलं, एकावर मतदार यादी, दुसऱ्यावर बायकांचा अर्ज. एकीचं यादीतलं नाव माहेरचं, अर्जावर सासरचं. एकीने गावात ज्या नावाने हाक मारतात तेच लिहिलेलं. एका पानावर लागोपाठ ११ सह्या, सगळ्यांतली दुसरी वेलांटी एकाच वळणाने खाली ओढलेली. त्या ११ जणी खऱ्या होत्या, त्यांना दुकान बंद व्हायलाच हवं होतं. पण संध्याकाळची घाई म्हणून शेजारणीने सगळ्यांच्या सह्या स्वतः ठोकल्या होत्या. सगळ्या बाद. अर्ज ९ सह्यांनी २५ टक्क्यांच्या खाली गेला. ओट्याखाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "मग माझा अंगठा तरी धरला का?" त्यांचा धरला होता.

कोऱ्या कागदावरची सही त्याहून वाईट. वरचा मजकूर कोण लिहिणार, तुम्हाला ठाऊक नाही. उद्या त्याच सह्यांवर 'दुकान दुसरीकडे हलवायला आमची हरकत नाही' असंही लिहिता येतं. पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्याचा स्वार्थ आकड्यात असतो, खरेपणात नसतो. ज्या स्वित्झर्लंडचे गोडवे सगळे गातात, तिथेसुद्धा मोबदला घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी बनावट सह्या केल्याचा संशय २०२४ मध्ये उघड झाला आणि मोठी खळबळ उडाली.

तेव्हा त्या गृहस्थांना २०० रुपये देऊ नका. अर्जाला कसली फी लागत असेल तर ती अधिकारी सांगेल, पावती देईल. मतदार यादीची प्रत मिळवा, यादीत जसं आहे तसंच नाव आणि अनुक्रमांक प्रत्येकीपुढे लिहा, मजकूर मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही घ्या. २५ टक्क्यांवर थांबू नका. काही बाद होणार हे धरून ३५ पर्यंत जा. पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत, त्यामुळे 'वॉर्ड' म्हणजे नेमकी कुठली हद्द धरणार हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना आधी लेखी विचारा. नियम मधूनमधून बदलतात. अर्ज द्यायच्या आदल्या आठवड्यात चालू आदेशाची प्रत घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : नगरसेवकाला मुदतीआधी परत बोलावता येतं का? (धनकवडी)

मतदारांना नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचाची गोष्ट थोडी वेगळी आहे: तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव केला तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मान्य व्हावा लागतो.

प्रश्न : माझं मूळ गाव आंबेगाव तालुक्याच्या आदिवासी भागात. ग्रामसभेने वनजमिनीबाबत ठराव केला. 'ठरावाला काही किंमत नसते,' असं आम्हाला सांगण्यात आलं. खरं आहे का? (वारजे)

ठराव कशाबद्दल आहे त्यावर ठरतं. 'रस्त्याला अमुक नाव द्या' आणि 'आमच्या वनहक्काचा दावा' हे एका तराजूत बसत नाहीत. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते. ओडिशात नियामगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांकडे पाठवला आणि १२ पैकी १२ ग्रामसभांनी नकार दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथले लोक अभ्यासगटात बसून विषय आधी समजून घेतात आणि सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय थांबवतात. 'किंमत नसते' म्हणणाऱ्याला ही दोन उदाहरणं दाखवा.

पण तुमचा ठराव टिकेल का, हे इतिवृत्त ठरवेल. गणपूर्ती झाली होती का, विषय अजेंड्यावर होता का, सह्या सभेतच झाल्या की नंतर घरोघर? माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागा आणि ती घेऊन वनहक्काचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. प्रत हाती नसताना मी मत देणं बरोबर होणार नाही.

प्रश्न : नववीच्या मुलांनी प्रकल्प म्हणून एक काल्पनिक राज्य उभं केलंय. सह्याद्रीत कुठेतरी, वस्ती ४० हजार, आमदार नाहीत, कायदे नागरिकच करतात. १०० सह्या आल्या की दुसऱ्या दिवशी मतदान, निम्म्याहून एक मत जास्त की कायदा. हे बरोबर आहे का? (शिक्षिका, सदाशिव पेठ)

बाई, हे पत्र वाचून फार बरं वाटलं. मुलांना सांगा की असं राज्य जवळजवळ खरंच आहे. लिश्टेनस्टाइनची वस्ती ४० हजारांच्या आसपास आहे आणि तिथे कायद्याच्या प्रस्तावाला १,००० सह्या लागतात, घटनेत बदल सुचवायचा तर १,५००. तुमच्या राज्याचा १०० चा आकडा फार कमी आहे. एका मोठ्या लग्नाच्या पंगतीत तेवढ्या सह्या होतील.

'दुसऱ्या दिवशी मतदान' हे तर आधी खोडा. स्वित्झर्लंडमध्ये त्या एक लाख सह्या जमवायलाच १८ महिने देतात. संसदेने केलेला कायदा मतदानाला घालायचा असेल, तर ५० हजार सह्या आणि १०० दिवस. राग उतरायला आणि दुसरी बाजू ऐकायला वेळ लागतो. मग मुलांना एक जड प्रश्न द्या: बहुमताला काय काय करता येऊ नये? त्याच देशात १९५९ मध्ये पुरुषांनी मत देऊन बायकांचा मताधिकार नाकारला, तो मिळायला १९७१ उजाडलं. २००९ मध्ये तिथल्या ५७.५ टक्के मतदारांनी नवे मिनार बांधायला घटनेतच बंदी घातली. तुमच्या राज्यात २१ हजारांनी मिळून १९ हजारांचं देऊळ, भाषा किंवा पाणी काढून घ्यायचं ठरवलं तर कोण अडवणार? ते कलम मुलांनी सगळ्यात आधी लिहायला हवं.

प्रश्न कोण लिहितो हेही त्यांना कळू दे. एकाच विषयावर वर्गाच्या दोन गटांना दोन वेगळ्या शब्दांत प्रश्न द्या आणि मतं मोजा. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावर कौल झाला, फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. चिन्हं दोनच होती, पण त्यामागचा प्रश्न घरोघर चर्चेला गेला होता.

आणि शेजारचंच उदाहरण सोडू नका. १८७० मध्ये पुण्यात 'सार्वजनिक सभा' ही संस्था निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान ५० माणसांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे 'मी लोकांच्या वतीने बोलतो' म्हणणाऱ्याला 'कोणाच्या?' हे आधी दाखवावं लागत होतं. मुलांनी आपापल्या वाड्यात, सोसायटीत जाऊन, काय मागतोय ते समजावून सांगून, खऱ्या ५० सह्या आणून पाहाव्यात. चाळिसाव्या दारापर्यंत त्यांचा प्रस्ताव दोनदा तरी बदललेला असेल.

प्रदर्शनाआधी घटनेचा विषय शिकवणाऱ्या एखाद्या विधी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना मसुदा दाखवा. मलाही पाठवा, मी वाचेन.

प्रश्न : महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिक कामं सुचवू शकतात म्हणे. दोन वर्षं बाकं सुचवतोय, काहीच होत नाही. (पर्वती)

ही सोय २००६ पासून आहे आणि छोट्या कामांसाठीच आहे. अर्जात 'बाकं हवीत' असं लिहू नका. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या झाडाजवळ, किती, जागा कोणाची, हे लिहा आणि फोटो जोडा. जागा महापालिकेची नसेल तर काम तिथेच अडतं. तुमचे दोन्ही अर्ज कुठल्या शेऱ्याने थांबले ते क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. शेरा वाचल्याशिवाय तिसरा अर्ज भरू नका.