इराणहून भेट आलेल्या ताटलीवर बैलावर झेपावणारा सिंह आणि सैनिकांची रांग आहे. ही चित्रं कुठली?

पर्सेपोलिसची. शिराझजवळचा हा राजवाडा सम्राट पहिल्या दारियसने इ.स.पू. 518च्या सुमारास बांधायला घेतला, इ.स.पू. 330मध्ये अलेक्झांडरच्या काळात तो जळाला. सिंह-बैल तिथल्या अपादान या भव्य दरबारगृहाच्या जिन्यावर कोरलेले आहेत. त्यांचा संबंध नवरोजशी, वसंताच्या आगमनाशी जोडतात, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.

सैनिक रंगीत असतील तर ते बहुधा सुसा या इराणमधल्याच प्राचीन शहराच्या राजवाड्यातले धनुर्धर. चकाकी दिलेल्या विटांचं ते मूळ काम पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

पर्सेपोलिसच्या अपादानच्या जिन्यावरच साम्राज्यातल्या लोकांची 23 शिष्टमंडळं राजासाठी नजराणे घेऊन निघाली आहेत: भांडी, कापड, कडी, उंट, घोडे. म्हणजे भेटवस्तूंवर ही चित्रं छापणं मला अगदी योग्य वाटतं! या शिष्टमंडळांत सिंधूकाठचे भारतीयही आहेत. उघड्या अंगाचा, धोतरासारखं वस्त्र नेसलेला माणूस खांद्यावर कावड घेऊन चाललाय, टोपल्यांत बहुधा सोन्याची भुकटी आहे. सोबत गाढवही आहे. हा तुकडा ताटल्यांवर फारसा घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

मुंबईत असाल तर काही पारशी अग्यारींच्या दर्शनी भागावर माणसाच्या चेहऱ्याचे पंखवाले बैल दिसतील. त्यांचा नमुनाही पर्सेपोलिसच्या महाद्वाराचाच.

ताटली तांब्याची असेल तर रेषा नीट बघा. त्यांची खोली कमीजास्त असेल तर काम हातचं असण्याची शक्यता जास्त.