गावाच्या चौकात सिनेमा दाखवायला काय तयारी लागते? आणि मोबाईलच्या काळात त्याला अर्थ उरलाय का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वाचनालयातर्फे गावात (जि. यवतमाळ) उघड्यावर सिनेमा दाखवायचा तर काय लागेल, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना लोकांना त्याचं काही वाटेल का. दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण तयारीत कुठे जीव ओतायचा ते त्यावरूनच ठरतं.

मोबाईलवर गोष्ट कळते. पण सिनेमा करणाऱ्यांनी गोष्टीपलीकडे बरंच काही त्यात घातलेलं असतं. हशा येईल अशा वाक्यानंतर संकलक थोडी जागा मोकळी ठेवतो, पुढचं वाक्य हशात बुडू नये म्हणून. एकट्याने बघताना तीच जागा रेंगाळल्यासारखी वाटते आणि बोट पुढे सरकवायला जातं. पावलांचे, भांड्यांचे, दाराच्या कडीचे आवाज पुष्कळदा शूटिंगनंतर स्टुडिओत नव्याने करून बसवलेले असतात. त्यातला खर्ज मोबाईलच्या स्पीकरमधून येतच नाही. बघणाऱ्यांच्या बाजूनेही तसंच आहे. 'मंथन' (१९७६) हा गावातल्या दूध सहकारी संस्थेवरचा श्याम बेनेगलांचा सिनेमा गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून उभा केला, आणि पुढे तीच माणसं ट्रक भरभरून तो बघायला गेली. आपल्यासारख्याच माणसांचं भांडण सगळ्यांसोबत बसून बघायचं होतं त्यांना. तुमच्या चौकातही लोक त्यासाठीच येतील.

म्हणून माझं ठाम मत असं की चित्र थोडं फिकं चालेल, पण मागे ओट्यावर बसलेल्या म्हातारीला प्रत्येक संवाद स्वच्छ ऐकू गेला पाहिजे. गावातले कार्यक्रम आवाजावरच फसतात.

सगळ्यात जास्त होणारा घोटाळा हा: गाणी दणदणीत वाजतात आणि पात्रं बोलायला लागली की काहीच ऐकू येत नाही. लोक म्हणतात प्रिंट खराब आहे. प्रिंट चांगली असते. त्याची कारणं दोन. एक, फाईलमधला आवाज पुष्कळदा ५.१ असतो, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलमध्ये वाटलेला. त्यात संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात, आणि तुमच्याकडे डावा-उजवा एवढेच. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन स्टिरिओ करून घ्या. दुसरं कारण वायरचं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आलेली स्टिरिओ पिन साउंडवाला मिक्सरच्या माईकच्या बॅलन्स्ड इनपुटला एकाच वायरने जोडतो. मिक्सर मग डाव्यातून उजवा वजा करतो, आणि दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका संवाद, गायब होतो. उपाय स्वस्त आहे: एका टोकाला छोटी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठे मोनो जॅक असलेली वायर घ्या, आणि दोन जॅक मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनलना लावा. घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

भोंगे नकोत. खोक्याचे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यावरून जातील इतक्या उंचीवर. डीजेचा बास निम्म्याहून खाली. मागच्यांसाठी म्हणून १०० फुटांवर आणखी स्पीकर लावले तर पडद्याकडचा आवाज तिथे साधारण ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि शब्द दुहेरी ऐकू येतात. मिक्सरवर डिले देता येत नसेल, म्हणजे मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडता येत नसेल, तर मागचे स्पीकर लावूच नका, माणसांना पुढे सरकवा.

पडद्यासाठी फ्लेक्सची मागची, न चमकणारी पांढरी बाजू वापरा, १२ बाय ७ फूट. चादरीतून उजेड आरपार जातो. फ्लेक्स दोरीने करकचून बांधला तर वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि कोपरे फाटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, ताण त्या घेतात. खालची कड जमिनीपासून किमान ४ फूट, सबटायटल असतील तर ५. एवढ्या पडद्याला ३,००० ते ३,५०० ल्युमेनचा (उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो, पण ग्रामपंचायतीला सांगून जवळच्या खांबावरचा दिवा बंद करवून घ्या. साध्या लेन्सचा प्रोजेक्टर पडद्यापासून १८ फुटांच्या आसपास, म्हणजे बसलेल्यांच्या मधोमध येतो. त्याच्या पुढे माणसं आडवी जाणार नाहीत अशी दोरी बांधा आणि वाट कडेने ठेवा. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर चित्र ताणून पडदा भरू नका, कॅमेरामनने चौकट तशीच आखलेली असते.

लाईन जाणार हे धरूनच चला. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप १ केव्हीएच्या यूपीएसवर ठेवा, कारण दिवा तापलेला असताना पंखा एकदम बंद पडला तर दिव्याचं आयुष्य घटतं. सगळ्याला मिळून २ ते ३ केव्हीएचा जनरेटर पुरेसा आहे. तो १०० फूट लांब, एखाद्या घराच्या आडोशाला ठेवा, नाहीतर संवादावर केलेली सगळी मेहनत वाया.

वेळ हा खरा पेच. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून आलेल्या बाया स्वयंपाक, जेवणं उरकून साडेआठच्या आत मोकळ्या होत नाहीत. ७ ला सुरू केलं तर पोट्टे आणि पुरुषच बघतात. म्हणून दीड तासाच्या आतला सिनेमा निवडा आणि साडेआठला लावा. बायांसाठी एक बाजू आणि जायची-यायची वेगळी, उजेडाची वाट ठेवलीत तर त्या शेवटपर्यंत थांबतील. सतरंज्या बिछायत केंद्रातून आणा, खुर्च्या फक्त मागे, म्हाताऱ्यांसाठी. सोयाबीनची काढणी चालू असेल तर कार्यक्रमच पुढे ढकला. पावसाळ्यात नकोच, प्रोजेक्टरच्या उजेडावर किड्यांचा लोंढा येतो.

कोणता सिनेमा? शहरातून आलेले कार्यकर्ते हमखास शेतकरी आत्महत्येवरचा सुचवतात. हेतू चांगला असतो. पण यवतमाळच्या गावात त्या अंधारात तेच सोसलेलं घर बसलेलं असतं, आणि चार माणसांत त्यांना उठूनही जाता येत नाही. आधी त्या घरी जाऊन विचारा. त्यांनी मान हलवली तरी पहिला खेळ दुसऱ्या सिनेमाचा करा. पहिल्या खेळाला गावाने सोबत हसावं, असं मला फार वाटतं.

तिकीट नसलं तरी चौकात दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन आहे. ओटीटीची वर्गणी त्याला चालत नाही. निर्मात्याकडून लेखी परवानगी घ्या, सेन्सॉर प्रमाणपत्र आहे का बघा, आणि त्या कागदाची प्रत पोलीस ठाण्यात व ग्रामपंचायतीत अर्जासोबत द्या. वाचनालयाच्या लेटरहेडवर गाव, अंदाजे माणसं आणि 'विनामूल्य' असं स्पष्ट लिहिलंत, तर लहान निर्माते सहसा अडवत नाहीत.

आदल्या दिवशी त्याच वेळी सगळं जोडून सिनेमातला सर्वांत हळू आवाजातला प्रसंग लावा आणि मागच्या ओट्यावर उभं राहून ऐका. खेळ झाल्यावर त्याच निर्मात्याला एक पान लिहून पाठवा: किती माणसं आली, कुठे हसली, कुठे कुजबुज सुरू झाली, कोणता संवाद कळला नाही. आपला सिनेमा गावात कसा बघितला गेला हे करणाऱ्यांना कोणी कळवत नाही, आणि पुढचा सिनेमा मागताना तुम्हाला त्याच पत्राचा उपयोग होईल.