'विवेकाधीन' नव्हे, 'सदसद्विवेकबुद्धीने'

प्रश्न : सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, "गर्भपात मनाला पटत नसेल तर डॉक्टर-नर्सना त्यातून बाहेर राहता येतं, अशी तरतूद काही देशांत आहे. 'कॉन्शन्स क्लॉज' म्हणतात. नोट्समध्ये मी 'विवेकाधीन संरक्षण' लिहिलं. चालेल का?"

नाही चालणार, ताई. 'विवेकाधीन' हा शब्द प्रशासनाच्या मराठीने कधीच उचललाय. साहेबांचा विवेकाधीन अधिकार म्हणजे द्यायचं की नाही ते साहेब ठरवणार. इथे मर्जीचा प्रश्नच नाही. आतून 'हे करू नये' असं वाटतंय, म्हणून नकार आहे.

त्यासाठी आपल्याकडे 'सदसद्विवेकबुद्धी' आहे. घटनेच्या अनुच्छेद २५च्या मराठी अनुवादातही हाच शब्द आहे. तो लांबलचक आहे खरा, पण फोड केली की लख्ख होतो : सत् आणि असत् यांतला विवेक. पुष्कळजण 'सद्सद्विवेक' लिहितात. त्यात 'असत्'चा 'अ'च गळतो आणि निवडायला दोन्हीकडे सत् उरतं! तुमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणाऱ्या मुली असतीलच. त्यांना 'मनस्साक्षी' म्हणा, कन्नड बोलणाऱ्यांना 'आत्मसाक्षी'. फोड करायचीही गरज पडणार नाही.

'धार्मिक नकार' मात्र लिहू नका. अमेरिकेतली १९७३ची तरतूद धर्मश्रद्धेबरोबर नैतिक धारणाही धरते. तिचं नाव 'चर्च अमेंडमेंट', आणि तिथेच भाषांतरकार घसरतो. हे चर्च म्हणजे देऊळ नव्हे. फ्रँक चर्च नावाचे सिनेटर होते.

खरी गोम 'सहभाग' या शब्दात आहे. मराठीत तो फार ऐसपैस आहे. सभेला नुसतं बसून आलेलाही 'सहभागी' असतो. ब्रिटनच्या १९६७च्या कायद्यात कलम ४नुसार उपचारात भाग घ्यायला नकार देता येतो. पण बाईचा जीव वाचवायचा असेल किंवा तिला गंभीर, कायमची इजा होऊ द्यायची नसेल, तर ही सूट नाही. भाग घेणं म्हणजे नेमकं काय, यावर ग्लासगोच्या दोन मिडवाइफचा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४मध्ये निकाल लागला : प्रत्यक्ष उपचारात हात असेल तरच. कळा सुरू करायचं औषध देणं त्यात येतं; ड्यूट्या लावणं, इतर स्टाफवर देखरेख ठेवणं येत नाही. 'मी असिस्टला उभी राहणार नाही' हे त्यात बसतं, 'मी त्या वॉर्डाचं रजिस्टरही बघणार नाही' हे बसत नाही. म्हणून 'प्रत्यक्ष भाग घेण्यास नकार' असंच लिहा, 'प्रत्यक्ष' गाळू नका. आणि नकार त्या कामाला असतो, बाईला नव्हे. 'रुग्णास नकार' हे शब्द नोट्समध्ये कुठेही नकोत.

राहिलं 'संरक्षण'. आपल्या १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात अशा नकाराचं कलमच नाही. कलम ८मध्ये संरक्षण आहे, पण ते सद्भावनेने केलेल्या कृतीला. तिकडचं संरक्षण न करणाऱ्याला आहे, इकडचं करणाऱ्याला. दोन्हीकडे नुसतं 'संरक्षण' लिहिलंत तर परीक्षेत मुली कलम ८च्या उत्तरात ग्लासगो लिहून येतील. परदेशी तरतुदीला 'सदसद्विवेकबुद्धीने नकार देण्याची मुभा' म्हणा. कलम ८ला 'सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण'.