शाळेतल्या आपत्कालीन सरावाचा खरंच उपयोग होतो का? पालक म्हणून शाळेला काय विचारावं?

अकरा वर्षं शिकवलं, त्यातली सात सुरक्षा समितीत काढली. उपयोग होतो, पण बहुतेक शाळांत सराव म्हणजे कवायतीचा जादा तास असतो.

आमच्याकडे तारीख आठवडाभर आधी फळ्यावर लागायची. मुलं बुटांच्या नाड्या बांधून घंटेची वाट बघत बसायची. चार मिनिटांत शाळा रिकामी, फोटो, अहवाल. मी म्हणायचे, एकदा मधल्या सुट्टीत घ्या, एक जिना बंद ठेवून घ्या. मुख्याध्यापकांचं ठरलेलं उत्तर, "बाई, उगाच घबराट होईल."

आणि एक दिवस मधल्या सुट्टीतच मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. नेहमीचा जिना त्या खोलीला लागून. मागच्या दाराला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे, मामा बँकेत. मुलं धुरातूनच उतरली (वायरच जळत होती, नशीब). खरी तारांबळ मैदानावर. सगळे वर्ग एकमेकांत मिसळलेले आणि हजेरीपट वर राहिलेले. माझ्या वर्गातली एक मुलगी सापडेना. वीस मिनिटांनी कळलं, डबा द्यायला आलेले वडील तिला फाटकातून परस्पर घरी घेऊन गेले होते. मीही नेलं असतं म्हणा. पण ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही.

म्हणून "किती मिनिटांत बाहेर पडलो" ही फुशारकी मला ऐकवत नाही. जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेत ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर मुलं मैदानावर सुखरूप जमली होती. पुढे कुठे जायचं यातच जवळपास ५० मिनिटं गेली. टेकडी शाळेच्या मागेच होती. त्सुनामीने ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी नेले. पुढे न्यायालयानेही पूर्वतयारी अपुरी ठरवली.

तेव्हा विचारायचं ते हे: मुख्याध्यापक जागेवर नसतील तर निर्णय कुणाचा? हजेरी बाहेर कोण आणणार? मूल कुणाच्या ताब्यात देणार आणि सही कोण घेणार? मागच्या दाराची किल्ली या क्षणी कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाला "बघून सांगतो" आलं, की काय ते समजा.

हां, अगदी लहान वर्गांना मात्र आधी सांगूनच सराव घ्यावा. आणि खोटा हल्लेखोर आणून मुलांना घाबरवण्याचे प्रकार मला मुळीच मान्य नाहीत. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं.

पण त्या दिवसाच्या अहवालातही त्यांनी "चार मिनिटांत शाळा रिकामी" असंच लिहिलं. समितीच्या सह्या मागितल्या. मी केली नाही.