रानपिंगळा, पिवळे बेडूक आणि बांधावरचे वाळके झाड

प्रश्न : गावातल्या पिंगळ्यापेक्षा रानपिंगळा वेगळा कसा ओळखावा? तो नामशेष झाला होता, हे खरे का? (शहादा)

उत्तर : गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे, शेपटीवर रुंद गडद पट्टे आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. शिवाय तो भर दिवसा सरडे, उंदीर टिपतो. नामशेष मात्र तो कधीच झाला नव्हता. ब्रिटिश पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी १८७३मध्ये त्याचे वर्णन केले, पण १८८४नंतर खात्रीचा नमुना, म्हणजे संग्रहालयात जपलेला मृत पक्षी, मिळेना. १९१४चा म्हणून गुजरातमधला एक नमुना दाखवला जाई. तो जुनाच नमुना चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावून तयार केलेला निघाला. त्या चिठ्ठीवर विसंबलेले शोधकर्ते भलत्याच ठिकाणी हिंडत राहिले, याचे मला आजही वाईट वाटते. ती नोंद बाजूला ठेवून अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये हा पक्षी तुमच्याच शहाद्याजवळ सापडला.

प्रश्न : पहिल्या मोठ्या पावसात शेतात पिवळेधमक बेडूक दिसतात. ते विषारी असतात का? उन्हाळ्यात कुठे जातात? (चोपडा)

उत्तर : विषारी नाहीत. विणीच्या काळात मोठ्या बेडकाचा नर पिवळा होतो, त्याच्या गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगतात. हंगाम सरला की तो पुन्हा मातकट हिरवा होतो. उन्हाळ्यात बेडूक ओलसर मातीत किंवा बिळांत दडून राहतात. त्यांतला लहानगा, गुबगुबीत बिळ्या बेडूक तर मागच्या पावलावरच्या कडक, फावड्यासारख्या उंचवट्याने माती उकरत आधी पार्श्वभाग आत घालतो आणि मागे सरकत सरकत दिसेनासा होतो. बेडकांची त्वचा पाणी शोषून घेते, त्यामुळे डबक्याकाठी फवारणीचा पंप धुऊ नये.

प्रश्न : बांधावरचे वाळलेले निंबाचे झाड सरपणासाठी तोडावे का? (यावल)

उत्तर : आधी खोडाला ढोली आहे का ते पाहा. राखी धनेशाची मादी अशाच ढोलीत शिरून विष्ठेने तोंड लिंपून घेते, जेमतेम चोच मावेल एवढी फट ठेवते आणि नर तीतून तिला फळे भरवतो. ढोली असली तर सरपण दुसरीकडून आणावे.