तीन वर्षांची बी.एससी. आणि चार नकारपत्रं

"मुलीची बी.एससी. तीन वर्षांची. जर्मनीतल्या चारही विद्यापीठांनी नाही म्हटलं. तिकडे आपल्या डिग्रीला किंमतच नाही काय? आणखी एक वर्ष इथे शिकवून मग पाठवावं काय?"

जुलै-ऑगस्टात प्रवेशाची उत्तरं यायला लागली की नागपुरातले पालक साधारण याच शब्दांत विचारतात. खालचं प्रकरण त्यांपैकीच एका कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलीचे विषय होते गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स, गुण ७२ टक्के. चारही अर्ज "एम.एससी. कॉम्प्युटर सायन्स"साठी केले होते. वडील म्हणाले, "एजंट तर म्हणे, तीन वर्षाची डिग्री तिकडे चालतच नाही. एक वर्षाचा डिप्लोमा करून घ्या म्हणे आमच्याकडे. पोरगी तर तेव्हापासून खोलीतून बाहेरच नाही निघून राहिली." मुलगी शेजारीच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "पत्रं जर्मनमध्ये आहेत, मॅडम. पहिल्या ओळीत नकार दिसला, पुढचं वाचलंच नाही."

म्हणून सगळ्यात आधी चारही पत्रं पूर्ण वाचून काढली. नकारपत्रात पहिल्या परिच्छेदात निर्णय असतो आणि कारण त्याच्या खाली येतं. मुलं नेमकं तेच सोडून देतात. चार पत्रांत मिळून तीन वेगवेगळी कारणं निघाली आणि "पदवी तीन वर्षांची आहे" हे त्यांतलं एकही नव्हतं.

दोन पत्रांत लिहिलं होतं की कॉम्प्युटर सायन्सचे क्रेडिट अपुरे आहेत. तिसऱ्यात, पदवी २१० क्रेडिटची हवी. चौथ्यात, अर्ज वेळेत पोहोचला पण एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, मुदतीत जोडलेलं नव्हतं, म्हणून तो तपासलाच गेला नाही.

तिसऱ्या पत्रापासून सुरू करू, कारण एजंटच्या बोलण्यात जे थोडं तथ्य आहे ते तिथेच आहे. युरोपात एका वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, त्यांना ईसीटीएस म्हणतात. तिकडची नेहमीची बॅचलर पदवीही तीनच वर्षांची, १८० क्रेडिटची असते. त्यावर १२० क्रेडिटचं, चार सेमिस्टरचं मास्टर्स. दोन्ही मिळून ३००. पण 'होखशूल' म्हणवणाऱ्या उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत बॅचलर बऱ्याचदा सात सेमिस्टरची, २१० क्रेडिटची असते आणि मास्टर्स ९० क्रेडिटचं, तीन सेमिस्टरचं. बेरीज पुन्हा ३००. अशा कोर्सला आपली तीन वर्षांची पदवी ३० क्रेडिटने कमी पडते. काही ठिकाणी ते ३० क्रेडिट तिथेच जास्तीचं एक सेमिस्टर करून भरता येतात, काही ठिकाणी नाही. तेव्हा कोर्सच्या पानावर आधी बघायचं ते ९० की १२०. चार सेमिस्टरचा कोर्स असेल तर तीन वर्षांच्या बी.एससी.वर निदान अर्जाचं दार बंद नसतं. तीन सेमिस्टरचा असेल तर अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करून विचारायचं.

खरी गाठ पहिल्या दोन पत्रांत होती. ती नागपूरच्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा जास्त अडवते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीच्या बी.एससी.त तीन ऐच्छिक विषय असतात आणि ते सहाही सेमिस्टर सारख्याच वजनाने चालतात. शेवटच्या वर्षी एकाच विषयात खोल जाणं नसतं. घरी आपण सहज म्हणतो, "ती कॉम्प्युटर सायन्सवाली आहे." जर्मन विद्यापीठाच्या तक्त्यात मात्र ती एक तृतीयांश कॉम्प्युटर सायन्सवाली ठरते. हिशेब असा: १८० मधून पहिल्या वर्षाच्या भाषांचे दहाएक बाजूला काढा, उरलेल्या १७० चे तीन भाग करा. प्रत्येक विषयाला साधारण ५६ ते ५७ क्रेडिट येतात. शुद्ध कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला ८०-९० क्रेडिट फक्त त्याच विषयाचे मागणं तिकडे नवल नाही, शिवाय त्यात ऑटोमाटा, अल्गोरिदमची गुंतागुंत असा सैद्धांतिक भाग किती हवा तेही वेगळं लिहिलेलं असतं. हे अंतर ७२ ऐवजी ८२ टक्के मिळवूनही भरत नाही.

या हिशेबात मुलीने स्वतः आणखी एक घोटाळा केला होता. तो बहुतेक जण करतात. गुणपत्रिकेवरचे क्रेडिट तिने जसेच्या तसे ईसीटीएसच्या रकान्यात उतरवले होते. आपल्याकडे यूजीसीच्या चौकटीत तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ची. आपला थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. त्यांचा एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास, पण त्यात घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं. त्यामुळे आकडे थेट जुळत नाहीत. १८० ला तुमच्या पदवीच्या एकूण क्रेडिटने भागा, जो आकडा येईल त्याने प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणा. १२० ची पदवी असेल तर दीडपट. गुणपत्रिकेवर क्रेडिट नसून नुसते गुण असतील तर त्या पेपरच्या कमाल गुणांचा एकूण कमाल गुणांतला वाटा काढून त्याला १८० ने गुणा. शेवटचा निर्णय विद्यापीठच करतं, पण तुमचा तक्ता या रीतीने भरलेला असला तर त्यांना तो निदान समजतो.

मग तिच्याकडून सगळा तक्ता नव्याने भरून घेतला. पाच रकाने: पेपरचं नाव, सेमिस्टर, वरच्या रीतीने काढलेले क्रेडिट, अभ्यासक्रमातले मुद्दे दोन ओळींत, आणि त्या कोर्सच्या अटीतला कोणता विषय यातून भरतो. याला दोन संध्याकाळी लागल्या. पेपरच्या नावावर जायचं नाही, आत काय शिकवलं ते बघायचं. गणिताच्या पेपरांतलं लिनिअर अल्जिब्रा, रिअल अॅनालिसिस, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि संख्याशास्त्रातले प्रोबॅबिलिटी, रिग्रेशन हे सगळं आधीच्या अर्जांत "इतर विषय" म्हणून एका ओळीत गेलं होतं. म्हणजे पदवीचा दोन तृतीयांश भाग तिने स्वतःच्या हाताने अडगळीत टाकला होता.

तक्ता पूर्ण झाला तेव्हा गणित आणि संख्याशास्त्र मिळून ११० च्या वर गेले, कॉम्प्युटरचे ५६. आता डेटा सायन्सच्या मास्टर्सच्या अटी काढून शेजारी ठेवल्या. गणित-संख्याशास्त्र मिळून ३० आणि प्रोग्रामिंग-डेटाबेस वगैरे ३०, अशा धर्तीच्या अटी. जी पदवी एका नावाखाली अपुरी ठरत होती, तीच दुसऱ्या नावाखाली दुपटीने पुरत होती. वडील तक्ता दोनदा वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाले, "म्हणजे डिग्री तीच, दुकान चुकलं!" त्यांना बरोबर कळलं.

हे दुसरं दुकान शोधायचं कुठे? डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय कोर्सची यादी आहे, तिथे विषय, भाषा आणि फी लावून चाळता येतं. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरू परिषदेचं होखशूलकोम्पास हे दुसरं ठिकाण, त्यात जर्मन माध्यमाचे कोर्सही सापडतात. पण ही पानं फक्त नावं गोळा करायला. अटी वाचायच्या त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश-नियमांत आणि मॉड्यूल हँडबुकमध्ये. मॉड्यूल हँडबुक म्हणजे कोर्सचा तपशीलवार अभ्यासक्रम. अनेकदा शे-दीडशे पानांची पीडीएफ. ती पूर्ण वाचायची गरज नाही. पहिल्या सेमिस्टरचे सक्तीचे विषय वाचा आणि प्रत्येकाखाली "पूर्वज्ञान" म्हणून काय लिहिलंय ते बघा. माध्यमाच्या जागी "जर्मन आणि इंग्रजी" असं असेल तर सक्तीचा एखादा विषय जर्मनमध्ये निघू शकतो. नुसतं आयईएलटीएस देऊन तिथे भागत नाही.

शंका राहिली तर त्या कोर्सच्या सल्लागाराला ईमेल करायचा. "मी पात्र आहे का?" या प्रश्नाला "अर्ज करून बघा" याहून वेगळं उत्तर येत नाही. तक्ता जोडून एकच नेमका प्रश्न विचारला, उदाहरणार्थ "सैद्धांतिक संगणकशास्त्राचे ८ क्रेडिट हवे आहेत, माझ्या या दोन पेपरांतले हे मुद्दे त्यात धरले जातील का?", तर कामाचं उत्तर यायची शक्यता बरीच वाढते. या मुलीने सहा ईमेल केले. चौघांनी उत्तर दिलं. एकाने स्पष्ट नाही म्हटलं, त्यामुळे अर्जाची फी वाचली.

एजंटच्या डिप्लोमाबद्दल तिच्या आईने वेगळं विचारलं होतं. खाजगी संस्थेचा डिप्लोमा किंवा ऑनलाइन सर्टिफिकेट पदवीच्या क्रेडिटमध्ये बहुधा धरत नाहीत. विद्यापीठाच्या एम.एससी.चं पहिलं वर्ष किंवा नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष ही वेगळी गोष्ट, ती गुणपत्रिकेवर येते. तरी ते करायचं की नाही हे तक्त्यात नेमका खड्डा कुठे आहे ते बघून ठरवायचं. या मुलीला त्याची गरजच नव्हती. थोडे क्रेडिट कमी असले तर काही विद्यापीठं सशर्त प्रवेश देतात: ठरावीक विषय तिथल्या बॅचलरच्या वर्गात बसून पहिल्या वर्षात पास करायचे. पोरांना ते कमीपणाचं वाटतं. वाटू नये, तिकडे ही नेहमीची रीत आहे.

आता गुण. जर्मन पद्धतीत १ सगळ्यात चांगला, ४ म्हणजे जेमतेम पास. रूपांतर असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल आणि पास होण्याचे किमान यांच्यातल्या फरकाने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. ७२ टक्के आणि पासची मर्यादा ४० धरली तर २.४ येतात. तिने आधी किमान म्हणून ५० टाकलं होतं, म्हणून २.६८ आले, आणि जिथे २.५ ची अट होती ते दोन चांगले कोर्स तिने स्वतःच यादीतून उडवले होते. गुणपत्रिकेच्या मागे छापलेली पासची मर्यादा बघा, तोच आकडा वापरा.

कागदपत्रांत वेळ खाते ती एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि कित्येक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. फी १८,००० रुपये. कागद पाठवल्यापासून दोन-तीन महिने हाताशी धरा. त्याआधी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायचं, त्याला आणखी वेळ. अभ्यासक्रमाची प्रत आपण प्रवेश घेतला त्या वर्षीची हवी. संकेतस्थळावर सध्याचा, नव्या धोरणाचा अभ्यासक्रम आधी दिसतो आणि मुलं तोच जोडतात. मग गुणपत्रिकेवरची पेपरांची नावं आणि जोडलेला अभ्यासक्रम यांचा मेळच बसत नाही.

हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं. १५ जुलै ही तारीख सगळ्यांच्या तोंडी असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी मास्टर्सची मुदत पुष्कळ ठिकाणी मार्च ते मे यांत संपते. म्हणून तिचं वेळापत्रक उलटं मोजलं: ट्रान्सक्रिप्ट सप्टेंबरात, एपीएसचे कागद दिवाळीच्या आधी रवाना, जानेवारीत यादी पक्की, फेब्रुवारीत अर्ज. युनि-असिस्ट ही संस्था अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासते. तिच्यामार्फत एका सेमिस्टरच्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. पाच अर्जांचे १९५ झाले. त्यांची तपासणी चार ते सहा आठवडे चालते, म्हणून मुदतीच्या आदल्या आठवड्यात अर्ज टाकणं म्हणजे चौथ्या पत्राची पुनरावृत्ती.

इतर देशांचं थोडक्यात: ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी पदवी मुळात तीन वर्षांचीच, त्यामुळे हा प्रश्न क्वचित येतो, मात्र तिथे फी भरपूर. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाचं धोरण वेगळं; तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही, आणि पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या काही संस्था तुमच्या संस्थेचा नॅक दर्जाही बघतात.

दुसऱ्या फेरीत पाच अर्जांपैकी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, त्यांतला एक १२ क्रेडिटच्या अटीवर. दोन्ही कोर्स डेटा सायन्सचे. तिने अट असलेला निवडला, कारण दुसरा बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये होता आणि त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. अट घालणाऱ्या विद्यापीठात शिकवणी फी नव्हती, फक्त सेमिस्टरचं अंशदान होतं.

पत्र हातात आल्यावर वडिलांचा पुढचा प्रश्न ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायच्या खात्याचा होता. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि तिकडे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. "म्हणजे पैसा तिचाच, पण दर महिन्याला थोडा थोडा," असं म्हणून त्यांनी आकडा वहीत उतरवला आणि बँकेच्या शिक्षण-कर्जाची रक्कम व्हिसाच्या तारखेआधी त्या खात्यात कशी पोहोचवायची, ते विचारायला सुरुवात केली.