डीपीवरच्या ‘डीवायएन ११’ मधले ३० अंश

तुमचा प्रश्न असा: डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या (एका बाजूच्या तीन कॉइल त्रिकोणात, दुसऱ्या बाजूच्या एका सामाईक बिंदूला, म्हणजे न्यूट्रलला जोडलेल्या) दोन्ही कॉइल एकाच कोअरवर, म्हणजे लोखंडी गाभ्यावर असतात, मग दोन बाजूंच्या व्होल्टेजमध्ये ३० अंशांचा फरक येतो कुठून? कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला लागलो तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं.

कॉइलमध्ये काहीच सरकत नाही. कोअरच्या एका पायावरच्या एचटी (उच्च दाबाच्या) आणि एलटी (कमी दाबाच्या) कॉइलचं व्होल्टेज एकाच क्षणी चढतं, एकाच क्षणी उतरतं. फरक जोडणीत आहे. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. डेल्टात कॉइल आर आणि वाय फेजच्या मधे असते, तर तिची जोडीदार स्टारमध्ये आर आणि न्यूट्रलच्या मधे. म्हणजे तिकडचं लाइन व्होल्टेज (दोन फेजमधलं) इकडे फेज व्होल्टेज (फेज ते न्यूट्रल) होऊन बाहेर पडतं. आणि आर-वाय हे आर-न्यूट्रलच्या ३० अंश पुढे असतंच. कागदावर १२० अंशांवर आर, वाय, बी असे तीन बाण काढा, वायच्या टोकापासून आरच्या टोकापर्यंत रेघ ओढा, कोन मोजा. ती रेघ बाणाच्या १.७३२ पट भरेल. म्हणूनच ११ केव्ही/४३३ व्होल्टच्या डीपीत वेढ्यांचं प्रमाण २५.४ नसतं, ४४ असतं. ११,००० भागिले २५०; हे २५० म्हणजे ४३३ भागिले १.७३२.

नेमप्लेटवरच्या ‘डीवायएन ११’ मध्ये डी म्हणजे एचटीचा डेल्टा, वाय म्हणजे एलटीचा स्टार, एन म्हणजे बाहेर काढलेला न्यूट्रल आणि ११ म्हणजे घड्याळ. एचटीचा बाण बारावर धरला तर एलटीचा अकरावर. बाण घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून अकरा म्हणजे ३० अंश पुढे, ५० हर्ट्झला १.६७ मिलिसेकंद. डेल्टा उलट क्रमाने जोडला की डीवायएन १, तितकाच मागे.

एकट्या डीपीवर विहिरीची मोटार चालवताना हे कळतही नाही. दोन ट्रान्सफॉर्मर पॅरलल करताना, म्हणजे एकत्र जोडून चालवताना, मात्र जिवावर बेततं. आमच्याकडे जुना डीवायएन १ होता, नवा डीवायएन ११ आला. दोन्हींचे न्यूट्रल जोडून, ब्रेकर उघडा ठेवून आर ते आर मीटर लावला. शून्य हवं तिथे २५० व्होल्टच्या आसपास! ६० अंशांचा फरक. ब्रेकर मारला असता तर सरळ शॉर्ट. जुन्याचे वाय आणि बी एचटी बाजूला आपसात बदलले, एलटीलाही तेच केलं, मग तिन्ही फेजवर शून्य आलं.

जुना वायवायएन ० (दोन्ही बाजू स्टार, फरक शून्य) असता तर हा उपाय चालला नसता. तिथे फरक ३० अंशांचा, साधारण १३० व्होल्ट, आणि बाहेरून फेज कितीही फिरवले तरी तो जात नाही.